मिठाचा अंदाज

प्रणोतीच्या पलंगाखाली एक पाटी होती. पत्र्याची, निळ्या रंगावर पिवळी अक्षरं: 'पानवाढ – घरगुती जेवण'. ती रंगवून घेतली तेव्हा प्रणोतीचे केस काळेभोर होते. आता कानशिलं पांढरी व्हायला लागली होती आणि पाटी अजून पलंगाखालीच होती. दर दिवाळीला ती बाहेर निघायची, ओल्या फडक्याने पुसली जायची आणि पुन्हा आत सरकवली जायची.

तिच्या हाताला चव होती यात वाद नव्हता. साखर कारखान्याच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत तिचा डबा उघडला की चार हात पुढे यायचे. "मॅडम, तुम्ही खानावळ का काढत नाही?" हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. दोनदा तिने गाळा घेतला होता. दुसऱ्या वेळी तर शेगड्या बसल्या होत्या, पत्रिका वाटल्या होत्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिला दरदरून घाम फुटला, उलट्या झाल्या आणि संध्याकाळी तिने किल्ली परत केली. वर लोकांना सांगितलं, नोकरी सोडणं शहाणपणाचं नाही. लोकांनी माना डोलावल्या. अशा माणसांना आपण समंजस म्हणतो. भित्र्या माणसाला कायमची नोकरी असली की त्याचा भित्रेपणा समंजसपणा म्हणून सहज खपतो.

भीती कुठून आली हे तिला पक्कं ठाऊक होतं. निदान तसं तिला वाटत होतं.

आई गेली तेव्हा ती दहा वर्षांची होती. वर्षश्राद्धाला तिने हट्टाने स्वयंपाकात हात घातला. श्राद्धाचा स्वयंपाक, नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचा नाही. आमटीत शेजारच्या काकूंनी मीठ घातलं आणि काकूंनी घातलं नसेल असं समजून प्रणोतीनेही घातलं. चाखून बघणार कोण? पंगत बसली. पहिल्याच घासाला प्रभाआत्याने तोंड वाकडं केलं, पानाच्या कडेला घास थुंकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई गेली ती गेली, घराची चव पण घेऊन गेली."

पंगत हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "मला अजून वाढ गं थोडी." आणि ती आमटी, जी ओठाला लावणंही कठीण होतं, त्यांनी भाताबरोबर कालवून संपवली.

प्रणोतीने त्या दिवशी शपथ घेतली की पुन्हा आयुष्यात आत्याचं तोंड बघायचं नाही. ती तिने पाळली. लग्नकार्यात आत्या असेल तर ही गेली नाही, फोटोत आत्या असेल तर तो फोटो उलटा करून ठेवला. आणखी एक गोष्ट तिने पाळली: स्वयंपाक कधीच चाखायचा नाही. मीठ मुठीत घ्यायची, क्षणभर डोळे मिटायची, कुणीतरी पहिला घास घेतंय असं मनात बघायची आणि मग मूठ सोडायची. अंदाज कधी चुकला नाही. अण्णांचा रक्तदाब निघाल्यापासून त्यांची वाटी वेगळी असे, नावापुरत्या मिठाची. तीही अशीच डोळे मिटून.

अण्णा म्हणजे शशिकांतराव, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. बोलणं कमी. पण एका वर्षी त्यांच्या छातीत दुखून गेलं आणि तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला.

"पाटी वर लागलेली बघायचीय मला. मी असेपर्यंत."

"अण्णा, नका ना मागे लागू."

"पुण्यात ते साक्षीमुक्तीवालं रुग्णालय आहे बघ. आमच्या डेपोतल्या जगदाळेच्या सुनेनं केलं. मुखदुर्बळ पोरगी, आता सभा गाजवतीय." ते थांबले. "तुला भीती वाटती ती जाईल गं. मला बघवत नाही."

ते शेवटचं वाक्य नसतं, तर प्रणोती गेली नसती.

*

डॉक्टर अभ्यंकर प्रणोतीच्याच वयाच्या होत्या आणि समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता.

"आपण कुठलंही नवं काम हाती घ्यायचं ठरवलं की मेंदू ते आधी मनातल्या मनात करून बघतो," त्या म्हणाल्या. "हे जुनंच माहीत होतं. नवीन कळलं ते असं, की त्याच क्षणी मेंदू ते काम कुणाला तरी दाखवूनही बघतो. आपल्या डोक्यात आपल्या माणसांच्या नकला असतात. आई काय म्हणेल, मास्तर काय म्हणतील, हे त्या नकला आपल्याला सांगतात. लहानपणी कधीतरी त्यातली एक नक्कल पक्की होते. मग जन्मभर आपण प्रत्येक गोष्ट तिलाच दाखवतो. आम्ही तिला साक्षी म्हणतो."

"आणि भीती?"

"अपयशाची भीती म्हणजे त्या साक्षीच्या चेहऱ्याची भीती. गाळा बंद पडेल याची भीती नसते हो. बंद पडल्यावर तो चेहरा कसा होईल, याची असते. अनोळखी गावात माणूस बिनधास्त गातो ते उगाच नाही."

उपाय ऐकायला सोपा होता. तुम्ही तुमच्या माणसांचे फोटो आधी पाठवायचे. यंत्रात निजायचं. यंत्र एकेक चेहरा डोळ्यांपुढून इतक्या झर्रकन नेतं की तो दिसल्याचंही कळत नाही, पण मेंदूला कळतं. ज्या चेहऱ्याला मेंदूतली त्या पक्क्या नकलेची गाठ पेटते, तो साक्षी. मग कवटीबाहेरून ध्वनिलहरी त्या एका ठिपक्यावर आणायच्या, भिंगाने ऊन एकवटून कागदाला भोक पाडावं तशा. चिरफाड नाही, रक्त नाही. आठवणी सगळ्या जागेवर राहतात. फक्त त्या माणसाकडे बघून आत जे हलायचं ते हलत नाही.

यंत्रातून बाहेर आल्यावर डॉक्टरांनी पडदा प्रणोतीकडे वळवायला हात लावला. "सापडला. सतरा नंबरचा फोटो. बघून घ्या, मग पुढचं करू."

"नको."

"मला आता फक्त नंबर दिसतो; चेहरा तुम्ही उघडायचा, मला तो नंतर नोंदीला दिसतो. पण लोकांचे अंदाज चुकतात. बघितलेलं बरं."

"डॉक्टर, मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून त्या बाईचं तोंड बघितलेलं नाही. तिचा फोटोसुद्धा मामेबहिणीला पाठवायला सांगितला. आता नव्या कामाची सुरुवात करताना तेच तोंड बघू होय? नको. करून टाका."

"एक सांगते. धाक आणि ओढ एकाच गाठीत असतात. एक गेलं की दुसरंही जातं. त्या माणसाबद्दल काहीच वाटणार नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही."

प्रणोती मोठ्याने हसली. "ओढ? तिच्याबद्दल?"

चेहरा न बघता, कुणाचा ते न सांगता उपचार करावा, अशी सही डॉक्टरांनी तिच्याकडून घेतली. तिने ती हसत हसत केली. बाहेर अण्णा मांडीवर डबा ठेवून बसले होते. पोरीला उपाशीपोटी बोलावलंय म्हणून स्वतःच्या हाताने थालीपीठ थापून आणलं होतं, एका बाजूला करपलेलं.

उपचार चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात झाला. नोंदीसाठी फोटो उघडला तेव्हा डॉक्टरांना दिसलं, तो बाईचा नव्हता. डॉक्टर तिला पोचवायला दारापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या. समोरून सतरा नंबरचा फोटो डबा घेऊन उठत होता.

"हे कोण?"

"माझे वडील," प्रणोती म्हणाली.

डॉक्टरांचं तोंड उघडलं, मग त्यांना सही आठवली. त्या एवढंच म्हणाल्या, "तीन महिन्यांच्या आत काही वेगळं वाटलं तर फोन करा. नक्की करा."

अण्णांनी विचारलं, "दुखलं का गं?"

"नाही. हलकं वाटतंय." आणि ते खरं होतं. इतकं हलकं तिला जन्मात वाटलं नव्हतं. तिने अण्णांकडे पाहिलं. पांढऱ्या शर्टातला, हातात डबा घेतलेला एक म्हातारा माणूस. तिचे वडील. तिला सगळं आठवत होतं. परतीच्या गाडीत तिने थालीपीठ अर्धं खाल्लं आणि "करपलंय" म्हणून ठेवून दिलं. एरवी तिने करपलेली बाजूच आधी संपवली असती.

*

पुढचं सगळं धडाक्यात झालं. सोमवारी राजीनामा, शुक्रवारी गाळा. जुनी पाटी पलंगाखालून निघाली ती थेट दारावर चढली. शेगडीवाला उशीर करतो म्हणताच तिने दुसरा आणला. पहिल्या दिवशी भाताचं एक आख्खं पातेलं लागलं. तिने ते बाजूला सारलं आणि दुसरं चढवलं. हात थरथरला नाही, घाम नाही, काही नाही. जुन्या ओळखीच्या बायका बघतच राहिल्या.

अडचण एकच आली. मीठ. उद्घाटनाच्या सकाळी तिने नेहमीसारखी मूठ भरली, डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे कुणीच आलं नाही. पहिला घास घ्यायला कुणी नव्हतं. मूठ तशीच हवेत राहिली. तिला भीती वाटली नाही. तिला नुसतं कळलं की हे आता चालणार नाही. तासाभरात तिने बाजारातून मीठमापक मागवला. बोटाएवढी दांडी, आमटीत बुडवली की आकडा दाखवते. चाखायचं नाही हा नेम मोडला नाही आणि आमटी रोज एकसारखी झाली.

पहिलं पान अण्णांचं वाढलं. नवा सदरा घालून ते आले होते, पाटीखाली उभं राहून त्यांनी डोळे टिपले होते. त्यांनी पहिला घास घेतला आणि सवयीने मान वर केली. पहिल्या घासाला प्रणोतीची नजर त्यांच्या चेहऱ्यावर खिळलेली असायची, गेली तीस वर्षं. आज ती दुसऱ्या टेबलावर पोळ्या मोजत होती. हे तिच्या ध्यानात आलं नाही. अण्णांच्या आलं. कामात असेल पोरगी, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

खानावळ चालली. चांगली चालली. हे सांगायला हवं, कारण गोष्टीत अशा वेळी धंदा बुडतो आणि माणसाला अक्कल येते. इथे तसं काही झालं नाही.

मीठमापक खानावळीत राहायचा. घरी अण्णांची आमटी ती सकाळी निघण्यापूर्वी घाईने करायची, अंदाजाने. अंदाज राहिला नव्हता हे तिला माहीत होतं, पण त्याचा विचार करावा असं काही आत टोचत नव्हतं. अण्णा निमूटपणे जेवायचे. वाटी चाटूनपुसून स्वच्छ.

*

दुसऱ्या महिन्यात, ऐन जेवणाच्या गर्दीत, काठी टेकत एक म्हातारी आली. नातीने तिला खुर्चीवर बसवलं. प्रणोतीने मान वर करून पाहिलं. कान तापले. हातातली पळी पातेल्याच्या काठाला खणखणली.

प्रभाआत्या. वयाने वाळली होती, पण तोच वाकडा ओठ.

प्रणोतीने पान वाढलं. राग अगदी ताजा होता, अकरा वर्षांच्या पोरीचा, धगधगीत. आत्याने भुरका मारला, विचार केला आणि म्हणाली, "जमतं की गं आता तुला. मीठ बरोबर पडलंय."

त्या शब्दांनी प्रणोतीचे डोळे भरून आले. चीडही आली, बरंही वाटलं, सगळं एकदम. आणि मग पळी हातात धरून ती जागच्या जागी उभी राहिली. ही तर जशीच्या तशी आहे. हिच्याबद्दल सगळं वाटतंय. मग पुण्यात पुसलं कुणाला?

तिने एकेक चेहरा मनात आणला, यंत्रासारखाच. मामेबहीण. कार्यालयातली मैत्रीण. मेलेली आई, आईपाशी तिने डोळे पुसले. मग अण्णा. तिथे काहीच झालं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं तसं.

तिने डॉक्टर अभ्यंकरांना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लोकांना वाटतं, ज्याने बोल लावला त्याचा धाक बसतो. त्याचा राग बसतो. धाक बसतो तो ज्याने काहीच बोल लावला नाही त्याचा. त्याला पुन्हा तसं गिळावं लागू नये म्हणून आपण जन्मभर जपतो."

"मागे नेता येतं?"

"अजून महिना आहे. गाठ पुन्हा जागी करता येते. तुमची भीतीही परत येईल, पहिल्यापेक्षा जास्त. आणि एक अट आहे. ते माणूस परत हवंय असं तुम्हाला मनापासून वाटलं पाहिजे. त्या वाटण्यावरच यंत्र चालतं. ते आम्हाला बाहेरून घालता येत नाही."

प्रणोतीने प्रामाणिकपणे प्रयत्न केला, हे तिच्या बाजूने सांगतो. ती संध्याकाळी खानावळीच्या पायरीवर बसली आणि तिने अण्णांना आठवलं. वेणी घालायला शिकलेले अण्णा. तिच्या परीक्षेला डेपोतून रजा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे राहिलेले अण्णा. सगळं लख्ख दिसत होतं. परत हवं, असं वाटायला हवं हेही कळत होतं. वाटत मात्र नव्हतं. पायरीवरून उठताना तिच्या मनात आलं ते एवढंच की उद्या डाळ भिजवायला सांगायची राहिली.

घरी जाऊन तिने अण्णांना सांगितलं. लपवावं असंही काही वाटलं नाही.

"अण्णा, ती आत्या नव्हती. तुम्ही होता. तुमचंच पुसलं गेलं."

अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी तो हळूच घडी घालून ठेवला. "म्हणजे माझी भीती वाटायची तुला?"

"हो. तुम्हाला वाईट वाटेल याची."

"आणि आता?"

"आता नाही वाटत."

ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं की मग. पाटी तर लागली. मीच मागे लागलो होतो." आणि वर बघून हसायचा त्यांनी प्रयत्न केला. तो हसू न जमलेला चेहरा प्रणोतीने नीट पाहिला आणि दिवा मालवू का म्हणून विचारलं.

महिना गेला. तिने फोन केला नाही.

*

पावसाळा सरताना अण्णांच्या पायांवर सूज आली. जिना चढताना धाप लागू लागली. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, मीठ बंद सांगितलं होतं ना? यांचं जेवण कोण करतं?"

"मी," प्रणोती म्हणाली.

"ती बिनमिठाचंच देती हो," अण्णा घाईने म्हणाले. "मीच खातो चोरून. लोणचं, पापड. पोरीचा काही दोष नाही."

घरात लोणच्याची बरणी कित्येक वर्षांत आली नव्हती. अण्णा खोटं बोलतायत हे तिला कळलं. कुणासाठी, तेही कळलं. डॉक्टर अण्णांना लहान पोराला दटावावं तसं बोलत होते, "जिवाशी खेळताय काका," आणि अण्णा मान खाली घालून "चुकलं, चुकलं" म्हणत होते. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. प्रणोतीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. खानावळीत तेलाचे डबे यायची वेळ झाली होती.

दुसऱ्या शाखेची तयारी चालली होती, साताऱ्याला. तिच्यासाठी नवा मीठमापक आला. नवी पाटीही रंगवून आली होती आणि अंगणात वाळत होती. रविवार होता. अण्णा दुपारच्या जेवणाला बसले. प्रणोतीने नवा मापक खोक्यातून काढला आणि चालतो का बघावं म्हणून हाताशी होती त्या अण्णांच्या वाटीत बुडवला.

आकडा लाल झाला. मापक टीं टीं करत ओरडू लागला. खानावळीत, धडधाकट माणसांसाठी ती जेवढं मीठ घालायची त्याच्या दुपटीने मीठ त्या वाटीत होतं.

"काय म्हणतंय ते?" अण्णांनी विचारलं.

"खारट आहे. खूप."

"रोजच्यासारखीच आहे," ते म्हणाले. रोजच्यासारखीच. म्हणजे रोज, आणि त्यांना कळत होतं, आणि ते खात होते. त्यांनी वाटी उचलली, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि रिकामी वाटी तिच्यापुढे धरली. मान वर करून ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. सुजलेल्या डोळ्यांनी, आशेने.

"मला अजून वाढ गं थोडी."

प्रणोतीला ते वाक्य आठवलं. ती पंगत, केळीचं पान, आत्याचा वाकडा ओठ, सगळं जसंच्या तसं. अण्णांनी ते मुद्दाम म्हटलंय, दार ठोठावावं तसं, हेही तिला उमगलं. पातेलं मोरीत ओतून द्यायला हवं, हे तर लहान पोरालाही कळलं असतं. तिला कोणी अडवत नव्हतं. आणि आतून कोणी ढकलतही नव्हतं.

माणूस वाटी पुढे करून बसलाय, तेव्हा तिने पळी भरली आणि वाढली. अण्णांनी क्षणभर वाट पाहिली. मग भात कालवायला घेतला, आणि ती नव्या पाटीचा रंग वाळला का ते बघायला अंगणात गेली.